कावळा, फांदी आणि साक्षीदार

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो, तेव्हा फांदी मोडली हे आपण नाकारत नसतो. कावळा बसला होता हेही नाकारत नसतो. शंका असते ती फक्त या दोहोंना जोडणाऱ्या 'म्हणून' या शब्दाची. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे फांदीच्या जागी ताडाचे फळ असते, एवढाच फरक. मराठीचे तास घेताना ही म्हण आम्ही किती वेळा समजावून सांगितली असेल, त्याची गणती नाही. परंतु फांदी आपल्याच घरात मोडते, तेव्हा त्या 'म्हणून'पाशी थांबून राहणे किती अवघड असते, हे आम्हांला दोनदा चुकल्यावर कळले. त्या दोन चुकांची ही हकीकत आहे.

विषय आहे त्वचेवरील उपचारांचे दुष्परिणाम सांगणाऱ्या चित्रफितींचा, रूढ शब्दांत व्हिडिओंचा, आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे याचा. साहित्याच्या वाचकांनी विषय ऐकून लगेच नाक मुरडू नये. मलमे आणि गोळ्या हा डॉक्टरांचा प्रांत खरा. पण कोणीतरी समोर बसून 'माझ्या बाबतीत असे घडले' म्हणून सांगू लागतो, तिथे निवेदक येतो, साक्ष येते, विश्वासार्हता येते. आणि हे शब्द तर आपल्याच दुकानातले. या दुकानात तीसएक वर्षे बसूनही आमचे माप चुकले, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आमची भाची २०१७ साली शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मोबाईलवरचे इंटरनेट नुकतेच स्वस्त झाले होते आणि घरोघरी वाचनाची जागा बघण्याने घेतली होती, याबद्दल आम्ही त्या काळी वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ शोक करीत असू. भाचीचा वर्ण सावळा. तिच्या आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, त्याची काळजी. आपल्याकडे मुलीच्या वर्णाची काळजी मुलीच्याही आधी जन्माला येते. शेजारच्या वहिनींनी एका ट्यूबचे नाव सुचवले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळाली, आणि पंधरा दिवसांत मुलीचा चेहरा खरोखरच उजळला. घरात सर्वांनी कौतुक केले. आम्हीही केले असावे.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी भाचीने मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर हिंदीतून बोलणारी एक मुलगी होती. गाल लालबुंद, मागे करुण संगीत, मध्येच हुंदका, आणि वर ठळक अक्षरांत उद्गारचिन्हांची रांग. तिचे म्हणणे असे की, या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. लावत राहिले तर त्वचा पातळ होते, आणि थांबवले की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो.

"मामा, माझ्याच ट्यूबचं नाव घेतलंय तिने," भाची म्हणाली.

आम्ही पाच मिनिटांची ती चित्रफीत दोन मिनिटांत बंद केली. म्हणालो, "दुःख खरं असलं की त्याला पेटीची साथ लागत नाही. हे सगळं लोकांनी बघावं म्हणून केलेलं नाटक आहे. छापील शब्दावर विश्वास ठेवायला शीक जरा."

तिने मोबाईल खिशात ठेवला. ट्यूब आणखी पाच महिने चालू राहिली.

पुढे जे झाले त्याचे वर्णन थोडक्यात करतो. उन्हात पाऊल टाकले की गाल भाजल्यासारखे होऊ लागले. नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या केशवाहिन्यांची जाळी दिसू लागली. हनुवटीवर बारीक लव आली, मग पुटकुळ्या. ट्यूब चार दिवस बंद ठेवली की आग असह्य होई. लावली की शांत होई. अखेर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "कुठली ट्यूब?" भाचीने ती पर्समधून काढून दिली. बाईंनी खोका उलटा करून आमच्यापुढे धरला. त्यावर घटकद्रव्यांची नावे छापलेली होती. अक्षरे बारीक होती, पण छापील होती. भाचीला छापील शब्दाची महती सांगणाऱ्या आम्ही नऊ महिन्यांत तो खोका एकदाही वाचला नव्हता.

त्या खोक्यावर तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. या त्रिकुटाचे मूळ १९७५ साली अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस यांनी प्रसिद्ध केलेल्या मिश्रणात आहे. त्यात तिसरा घटक डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. वांगासारख्या डागांवर, मोजक्या आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचे हे औषध. आपल्याकडे ते गोरे करणारी क्रीम म्हणून तोंडोतोंडी पसरले. अशा वापराने बिघडलेल्या चेहऱ्याला लाहिरी आणि कुंडू या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली स्वतंत्र नाव दिले. 'स्टेरॉइड-मलमाने बाधित चेहरा' असे त्याचे मराठी करता येईल. २०११ साली देशातल्या बारा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतील २५७ जणांना, म्हणजे शेकडा ५९ जणांना, ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. शेजारच्या वहिनी म्हणजे आमच्याच आळीतला अपवाद नव्हता, हे आम्हांला तेव्हा समजले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड-मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणे नियमबाह्य ठरले. आमच्या घरापुरता तो नियम काही महिने उशिरा आला.

त्या हुंदके देणाऱ्या मुलीच्या बोलण्यात एक गोष्ट अशी होती, जी आम्हांला कोणीच सांगितली नव्हती. एखाद्या औषधाने अपाय होतो की नाही हे पाहायची आपली घरगुती कसोटी म्हणजे ते बंद करून बघणे. बंद केल्यावर बरे वाटले तर दोष औषधाचा. इथे ही कसोटी उलटी पडते. बंद केल्यावर आग होते आणि लावल्यावर शमते. त्यामुळे अपाय करणारी वस्तूच उपकारक वाटू लागते. पाच मिनिटांच्या त्या नाटकी चित्रफितीत हे नेमके सांगितले होते, बहुधा आम्ही बंद केलेल्या तीन मिनिटांत.

भाचीचा चेहरा पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात आम्ही मनाशी एक धडा घेतला: सोसणाऱ्याचे बोलणे खरे मानावे. दुसऱ्या चुकीचे बी याच धड्यात होते.

२०२१ साली भाचीला मुरुमांचा त्रास सुरू झाला. साध्या तारुण्यपीटिका नव्हेत. खोल, गाठीदार, दुखणारी मुरुमे. त्याच डॉक्टरबाईंनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या. हे औषध अमेरिकेत १९८२ सालापासून वापरात आहे. गरोदरपणी घेतल्यास गर्भाला गंभीर व्यंगे होतात, हे बाईंनी दोनदा बजावले, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, ओठ फार कोरडे पडतील असे सांगितले. पहिल्या काही आठवड्यांत मुरुमे वाढल्यासारखी वाटतील, घाबरून गोळी बंद करू नका, मला फोन करा, असेही म्हणाल्या. या वेळी आम्ही औषधासोबतचे माहितीपत्रक शब्दन् शब्द वाचले. त्यात ओठ फुटणे आणि आत्महत्येचे विचार एकाच आकाराच्या अक्षरांत, चार ओळींच्या अंतराने छापलेले होते. काय हजारातल्या नऊशे जणांना होते आणि काय क्वचित, हे त्या पानावरून साध्या वाचकाला उमगण्यासारखे नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात मुरुमे खरोखरच वाढली. भाची गप्प राहू लागली. तिने एका तरुणाची चित्रफीत दाखवली. या वेळी संगीत नव्हते, अश्रू नव्हते, उद्गारचिन्हे नव्हती. खोलीत साधा उजेड, समोर एक मुलगा, आणि शांत आवाजात सांगितलेली गोष्ट: आज माझा गोळीचा बाविसावा दिवस, चेहरा आधीपेक्षा वाईट झाला आहे, मन कशात लागत नाही, या औषधाने माझा घात केला. आम्ही ती पूर्ण पाहिली. इतके अनलंकृत, इतके संयत निवेदन! मनात आले, हा मुलगा खोटे बोलत नाही. आम्ही भाचीला म्हणालो, "बंद कर गोळ्या. एकदा चुकलो, पुन्हा नको."

तिने बंद केल्या. डॉक्टरांना फोन केला नाही. आम्हीही केला नाही. सात महिन्यांनी गेलो तेव्हा दोन्ही गालांवर खड्डे पडलेले होते. मुरुमे पुढे उपचारांनी गेली. खड्डे आहेत.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ती चित्रफीत पाहायला मागितली, शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, "या मुलाचं पुढे काय झालं?" आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन शोधले. त्याची पुढची चित्रफीत सापडली नाही. तो बरा झाला, की खरेच खचला, की कंटाळून दुसऱ्या विषयाकडे वळला, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. एका गोष्टीच्या बाविसाव्या दिवसावर विसंबून आम्ही एका मुलीच्या चेहऱ्याचा निर्णय घेतला होता. रोजनिशी आणि आत्मचरित्र यांतला फरक आम्ही परीक्षेला दरवर्षी विचारतो: रोजनिशी लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो, आत्मचरित्रकाराला माहीत असतो. त्या मुलाची चित्रफीत रोजनिशीचे एक पान होती. आम्ही ती आत्मचरित्रासारखी वाचली.

आता दोन्ही चुका शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा त्या परस्परविरुद्ध वाटत नाहीत. पहिल्या वेळी आम्ही खऱ्या इशाऱ्यावर अविश्वास दाखवला, कारण निवेदन भडक होते. दुसऱ्या वेळी अपुऱ्या निष्कर्षावर विश्वास ठेवला, कारण निवेदन संयत होते. दोन्ही वेळा आम्ही शैलीवरून सत्य ठरवले. वेन बूथ यांनी १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'मध्ये अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडली, तेव्हापासून आपण सर्वजण निवेदकाच्या स्वरातले कंप टिपायला शिकलो आणि शिकवू लागलो. पण कथेतला निवेदक विश्वसनीय आहे की नाही हे ठरवायला सारा पुरावा कथेच्या आतच असतो. गालावरच्या मुरुमाचे कारण गोष्टीच्या आत नसते. तिथे आमचे कसलेले कान निरुपयोगी होते; उलट त्या कानांवरचा विश्वासच घातक ठरला.

मग आम्ही जरा मागे, आपल्याच परंपरेकडे वळलो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वसनीय माणसाचे वचन. हा आप्त कोण, याचा वात्स्यायनाने भाष्यात केलेला खुलासा आजही ताजा वाटतो. ज्याला ती गोष्ट साक्षात् कळलेली आहे आणि जशी कळली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. म्हणजे साक्षीदाराची पदवी, भाषा, संगीताची आवड यांना इथे स्थान नाही. हुंदके देणारी मुलगी आप्त असू शकते. तिला मोडीत काढण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

परंतु त्याच व्याख्येत मर्यादाही आहे. साक्षात् कळलेली गोष्ट कोणती? गालाची आग त्या मुलीला साक्षात् कळली होती. त्या मुलाची उदासी त्याला साक्षात् कळली होती. ती नाकारणारे आपण कोण? पण 'या औषधामुळे' हे दोघांपैकी कोणालाच साक्षात् कळलेले नव्हते. कारण डोळ्यांना दिसत नाही, ते अनुमानाने काढावे लागते. एकाच वाक्यात प्रत्यक्षाला जोडून अनुमान येते, आणि प्रत्यक्षावरचा आपला विश्वास नकळत अनुमानालाही मिळून जातो. मुलीचे अनुमान बरोबर होते, मुलाचे निदान घाईचे होते. पण हा भेद त्यांच्या प्रामाणिकपणात शोधून सापडला नसता. दोघेही सारखेच प्रामाणिक असू शकतात.

अनुमान कुठे फसते, यालाही नैयायिकांकडे नाव आहे: उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणावेसे वाटते. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ही लक्षात न आलेली ओल म्हणजे उपाधी. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० साली आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्या ५७५६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. औषध घेणाऱ्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण वाढलेले दिसले, पण ती वाढ औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच होत होती. म्हणजे ज्याला इतकी तीव्र मुरुमे आहेत की हे औषध द्यावे लागते, त्याचे मन आधीच पोळत असते. ओल लाकडात होती. २०२३ साली पंचवीस अभ्यासांचा, सोळा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या औषधामुळे समूहाच्या पातळीवर मनोविकार वा आत्महत्येचा धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही समूहाची सरासरी म्हणजे प्रत्येक व्यक्तीचे भविष्य नव्हे. त्याच २०२३ साली ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील रुग्णांना हे औषध सुरू करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांची संमती आवश्यक करण्यात आली. ज्याला औषध घेताना मन खचल्यासारखे वाटते, त्याने ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आम्ही नेमके तेवढेच केले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ज्यांना गोळी लागू पडली आणि ज्यांचे ओठ चार महिने फुटले पण गाल स्वच्छ झाले, ते आपापल्या कामाला लागतात. कॅमेऱ्यापुढे येऊन बसत नाहीत. चित्रफितींचे जग हे नेहमी अर्ध्यावर थांबलेल्यांचे आणि पोळलेल्यांचे जग असते. ते खोटे नाही, पण ती जनगणनाही नाही. शिवाय काही चित्रफितींच्या अखेरीस एखादा साबण, एखादे तेल, एखादी 'नैसर्गिक' पूड हळूच डोके वर काढते. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली अशा मंडळींसाठी मार्गदर्शक नियम केले, आणि २०२३ साली आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी अशी त्यांत भर घातली. वात्स्यायनाची दुसरी अट, जसे कळले तसे सांगण्याची इच्छा, इथे तपासून पाहावी लागते. ज्याला काही विकायचे आहे त्याची इच्छा दुभंगलेली असते.

मग या साक्षींचे करायचे काय? डॉक्टरी विद्येनेही त्यांना कधी कधी आमच्यासारखेच झिडकारले आहे. दीर्घकाळ लावलेली स्टेरॉइड मलमे थांबवल्यावर त्वचेचा दाह उसळतो, असे जगभरचे रुग्ण अनेक वर्षे सांगत होते, आणि पुष्कळांना 'हा तुमचा जुनाच इसब आहे' असे उत्तर मिळत होते. २०२१ साली ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने आढावा घेऊन अशा प्रतिक्रिया होऊ शकतात हे मान्य केले आणि औषधासोबतच्या पत्रकात इशारा घालायला लावला. त्या आढाव्यात रुग्णांनी स्वतः पाठवलेल्या तक्रारींचाही आधार होता. म्हणजे साक्षीचा पुरावा होऊ शकतो. मात्र त्यासाठी तिने चौकशीला सामोरे जावे लागते.

ही चौकशी कशी असते, याचे एक साधे उदाहरण आम्हांला फार आवडले. १९८१ साली नारान्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. औषधाने अपाय झाला असे कोणी म्हणाले की ती आजही वापरली जाते. त्रास औषधानंतर सुरू झाला की आधी? बंद केल्यावर कमी झाला का? पुन्हा घेतल्यावर परतला का? त्रासाला दुसरे काही कारण असू शकेल का? असा अपाय पूर्वी कुठे नोंदला गेला आहे का? उत्तरांना गुण असतात आणि शेवटी निवाडा येतो तो चार शब्दांतला कोणता तरी एक: निश्चित, बहुधा, शक्य, शंकास्पद. साक्षीदार खरा की खोटा, असा प्रश्न त्या यादीत कुठेही नाही. त्याचे सोसणे गृहीत धरलेले आहे. तपासला जातो तो फक्त 'म्हणून'. भारतात २०१० सालापासून औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे, आणि औषधाच्या अपायाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. भाचीच्या ट्यूबची नोंद आम्ही तिथे केली नाही. असे काही असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. चित्रफीत करणाऱ्या त्या मुलीला तरी ठाऊक असावे का?

आता भाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची आहे, नोकरी करते. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. घरातल्या एका लहान मुलीने तिला कुठल्याशा सीरमने चेहरा जळाल्याची चित्रफीत दाखवली. आम्ही कान टवकारून बसलो. भाची हसली नाही आणि घाबरलीही नाही. तिने ती पूर्ण पाहिली आणि विचारले, "कितव्या दिवशी बोलतेय ही? सोबत आणखी काय लावत होती? थांबवल्यावर काय झालं? आणि खोका आहे का तुझ्याकडे, बघू." दोघी खोका घेऊन दिव्याखाली गेल्या. आम्हांला कोणी बोलावले नाही, हे योग्यच झाले.

रात्री ओसरीवर आम्ही तिला म्हणालो, "तू का नाही करत असा एखादा व्हिडिओ? तुझ्याइतकं हे दोन्ही बाजूंनी कोणी पाहिलं आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ट्यूबचा करू शकेन, मामा. ते मला नक्की माहिती आहे. पण लोक विचारतील गालावरच्या खड्ड्यांचं. ते मुरुमांमुळे पडले, मी गोळ्या बंद केल्या म्हणून पडले, की तुम्ही सांगितलंत म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. जे सांगता येत नाही ते कॅमेऱ्यापुढे कसं सांगू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तीन शक्यता तिने एका ओळीत ठेवल्या होत्या आणि त्यांतली एकही खोडली नव्हती. त्यांतली तिसरी आमच्या नावावर आहे, आणि ती खोडून टाकावी इतका पुरावा आमच्याकडेही नाही.